घरात कर्तं माणूस कोण आहे?

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

'गणपतीआधी पैसे खात्यात पडतील' असा शब्द मला मिळाला होता. गणपती गेले, गौरी गेल्या. काल फोन केला तर उत्तर आलं, "निधी नाही, दिवाळीनंतर बघा." चौदा महिने माझी फेलोशिप थकली आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, मला भीती वाटते.

मी मालवण तालुक्यातली. समाजशास्त्रात पीएच.डी. करते. ज्या घरांतले पुरुष मुंबईला असतात, तिथला कारभार बायका कसा ओढतात, हा माझा विषय. वाडीवाडीत जायचं तर दुपारची एसटी नाही, रिक्षाचे पैसे पदरचे. जूनमध्ये आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. तिने हातातून काढल्या तेव्हा साबण लावावा लागला, एवढ्या त्या रुतल्या होत्या. हे मी विसरणार नाही, साहेब.

देवबागच्या एक काकी पडवीत तांदूळ निवडत सांगत होत्या. २०२१ च्या तौक्ते वादळात त्यांचे माड पडले. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "घरात कर्तं माणूस कोण आहे?" काकी त्याच्यासमोरच उभ्या होत्या! सातबारा अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. मला म्हणाल्या, "ह्या लिवन काय व्हतला गो बाये?" मी काय सांगू?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. मग आमच्या गावांसाठी योजना कशाच्या आधारावर आखता?

गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मले. १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला, या देशात हे शास्त्र रुजवलं. त्यांच्याच गावच्या मुलीला आज लोक विचारतात, "यात नोकरी कुठे आहे?" खरंच कुठे आहे? प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरत नाहीत, उरलेले तासिका तत्त्वावर राबतात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के. एवढ्या वर्षांत किती सरकारं आली आणि गेली!

माझे थकलेले पैसे द्या. यापुढे हप्त्याची तारीख लेखी कळवा. काकींची मुलाखत अर्धी राहिली आहे, तुळशीच्या लग्नाआधी येते असं मी त्यांना सांगून आले आहे.

आपली,
मालवण तालुक्यातील एक संशोधक विद्यार्थिनी