जेवलास न्हवं, बाळा?

आदरणीय साहेब,

नमस्कार. तुम्ही आपल्या वकिलातीतले अधिकारी, तुमचं नाव कुठं लिहू नका असं बजावलंत, म्हणून नुसतंच साहेब. तुम्ही आहात त्या देशाचंही नाव घेत नाही, कारण भावाच्या जहाजावरची दोन पोरं अजून तिथल्या तुरुंगात आहेत.

भाऊ तिथून सुटून घरी येऊन आज अकरा दिवस झाले. रात्री दोनदा तरी उठून मी त्याच्या खोलीचं दार लोटून बघते.

आम्ही कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतली माणसं. समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला, सहलीत. घरातला हा पहिलाच बोटीवर गेलेला. टँकरमधलं डिझेल चोरटं आहे म्हणून जहाज अडवलं, आणि खालच्या खलाशापासून सगळ्यांना उचललं. ज्यानं नोकरी लावली त्या एजंटला मी दिवसाला वीस वीस फोन केले. आमच्याकडं बसून तांबडा-पांढरा ओरपून गेलेला माणूस. चौथ्या दिवशी त्याचा नंबर बंद. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणंच बेकायदा असतं, हे मला नंतर कळलं. आम्ही आईच्या पाटल्या मोडून दिले होते. इथले एक पुढारी आले, फोटो काढून झाले, आणि जाताना जिन्यात म्हणाले, "काहीतरी केल्याशिवाय कोण धरतंय?" आईनं ते ऐकलं. त्यांना मी माफ करणार नाही.

2024 च्या एप्रिलमध्ये इराणनं एक मोठं जहाज धरलं होतं, त्यावर आपले 17 जण होते. त्यातली केरळची मुलगी पाच दिवसांत घरी आली. आमचे पाच दिवस कधीच उलटून गेले होते. कतारमध्ये फाशी सुनावलेले नौदलाचे आठ माजी लोक सुटले, ते मात्र अटकेनंतर तब्बल दीड वर्षानं. आई तेच धरून बसली होती. म्हणायची, त्यांची फाशी टळली, माझ्या लेकरानं तर कुणाचं काय वाकडं केलंय?

आणि मग तुमचा फोन आला. तुरुंगात भेटायची परवानगी मिळाली आहे, उद्या जातो, काही निरोप आहे का? कुलभूषण जाधवांच्या बातम्यांत व्हिएन्ना कराराचं कलम 36 मी ऐकलं होतं, अटकेतल्या माणसाला त्याच्या वकिलातीनं भेटायचा हक्क. आमच्या घरात ते कलम तुमच्या आवाजात आलं. मी हिंदीत म्हणाले, सांगा, घरी सगळे ठीक आहेत. आईनं फोन हिसकावून घेतला आणि मराठीतच बोलली, "त्याला इचारा, जेवलास न्हवं, बाळा?"

तुम्ही तमिळ. तुम्हाला त्यातलं काय कळणार? पण तुम्ही म्हणालात, "अम्मा, हळू सांगा, पुन्हा सांगा." तीनदा सांगायला लावलंत. कागदाची सळसळ मला फोनवर ऐकू येत होती.

पुढचं भावानं सांगितलं. पहारेकरी उभा, वेळ मोजून दिलेली. तुम्ही आधी त्याची तब्येत विचारलीत, वकिलाचं सांगितलंत. मग खिशातून चिठ्ठी काढलीत, तमिळ अक्षरांत लिहिलेली, आणि एकेक अक्षर लावत वाचलंत, "जेवलास न्हवं, बाळा?" तोवर तो रडला नव्हता, साहेब. मारहाण झाली तेव्हाही नाही. तिथं तो टेबलावर डोकं टेकून रडला, आणि तुम्ही घड्याळाकडं न बघता थांबलात. ती चिठ्ठी तुम्ही त्यालाच देऊन टाकलीत. आता ती देव्हाऱ्यात अंबाबाईच्या फोटोमागं आहे. आईला ते अक्षर वाचता येत नाही, पण रोज पुसून ठेवते.

पुढच्या तारखा, दंड, प्रवासाचे कागद, सगळं तुम्हीच केलंत. ते किती अवघड होतं हे तुम्ही कधी बोलला नाहीत. बातमी नसली तरी दर शुक्रवारी फोन करून "आज काही नाही, ताई" एवढं सांगायचात. सरकारी खुर्चीवर बसून एवढं कोण करतं? करणारी माणसं आहेत, आणि त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत.

परवा त्या दोघांपैकी एकाच्या आईचा फोन आला होता. बिहारकडची आहे. तिला तुमचा नंबर दिलाय. ती भोजपुरीत काहीतरी सांगत होती, मला नीट उमगलं नाही. तेवढं तिच्याकडून लिहून घ्या, साहेब.

तुमची,
कोल्हापूरची ताई