एका आठवड्यात मावलेला संसार

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजी-आजोबांवरील पटकथेत वेगवेगळ्या वर्षांतले प्रसंग एकाच दिवशी घडलेले दाखवावेत का, असे तू विचारले होतेस, म्हणून ‘बीइंग द रिकार्डोज’ हा २०२१ सालचा चित्रपट मी पुन्हा पाहिला. तो ज्या जोडप्यावर आहे त्या ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांची ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका अमेरिकेत १९५१ ते १९५७ या काळात चालली. ल्युसिलचे मालिकेदरम्यानचे गरोदरपण १९५२ चे, तिच्यावरील कम्युनिस्ट असल्याचा आरोप १९५३ चा आणि देसीच्या परस्त्रीसंबंधांची मासिकात छापून आलेली बातमी १९५५ ची. लेखक-दिग्दर्शक आरन सॉर्किन यांनी ही तिन्ही संकटे एका भागाच्या तालमीच्या आठवड्यात आणून ठेवली आहेत. मला ते पटले. संसार आणि नाव दोन्ही पणाला लागलेले असताना ही बाई जेवणाच्या टेबलाभोवतीच्या प्रवेशात कोणी कुठे बसावे यासाठी सहकलाकारांना रात्री अपरात्री बोलावून घेते, हे तारखा एकत्र आणल्याशिवाय दिसले नसते.

खटकले ते वेगळेच. आजोबांच्या समाधानासाठी ल्युसिलने १९३६ मध्ये कम्युनिस्ट मतदार म्हणून नाव नोंदवले होते. हे प्रकरण उघड झाल्यावर देसी चित्रीकरणापूर्वी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि ल्युसीचे केसच काय ते लाल आहेत, आणि तेही अस्सल नाहीत, असे त्याने सांगितले. चित्रपटात मात्र तो प्रेक्षकांदेखत एफबीआयच्या प्रमुखाशी फोनवर बोलतो. तारीख हलवली तर माणूस तोच राहतो; त्याची कृती बदलली की तो दुसराच कोणी होतो.

देसीच्या व्यवहारबुद्धीला मी आणखी जागा दिली असती. १९३३ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेला हा गायक ल्युसीचा नवरा म्हणून प्रेक्षकांना चालेल का, याचीच सीबीएस या वाहिनीला शंका होती. कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हावा, असाही वाहिनीचा आग्रह होता. या दोघांनी हॉलिवुड सोडले नाही. प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण करण्याचा वाढीव खर्च भरून काढण्यासाठी मानधन कमी घेतले आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी आपल्या देसिलू कंपनीकडे ठेवली. एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांना चालेल अशी प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंड या छायालेखकाने बसवली. मालिका वर्षानुवर्षे पुन्हा दाखवता आली ती याच फिल्ममुळे.

दोघांचा घटस्फोट १९६० मध्ये झाला. चित्रपटाच्या शेवटी नवरा घरात शिरत हाक मारतो आणि एरवी प्रत्येक शब्द घोटून घेणारी ल्युसिल आपले वाक्य विसरते. तेवढा प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला.

तुझी,
आई