अण्णांचं काय करू सांग

संज्या,

पाच महिने झाले. तुझ्या तीन मिस्ड कॉलवर एक अंगठा पाठवून गप्प बसलो, शिव्या घाल, पण आधी वाच. मी बरा, आईचे गुडघे आहेत तसेच.

अण्णांची अँजिओग्राफी झाली. तीन ब्लॉकेज, एक तर ९० टक्के. डॉक्टर म्हणतात बायपास करा, थांबू नका. म्हातारा म्हणतो द्राक्षाचा माल निघाल्यावर बघू. आत्ता कुठे छाटणी झालीये, माल निघायचा फेब्रुवारीत!

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवतं पण आतून वाहणाऱ्या त्या रक्तावर त्याचं स्वतःचं भागत नाही, त्याला बाहेरून वेगळ्या बारीक रक्तवाहिन्या आहेत आणि त्याच तुंबल्यात. अण्णांनी मुकाट ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बागेत नेऊन थॉमसन द्राक्षाच्या खोडावरचा गर्डलिंगचा, म्हणजे साल काढल्याचा वण दाखवला. "चार मिलिमीटरची साल गोल काढली होती, अख्खा रस्ता तोडला, मेलं का झाड?"

मी म्हटलं अण्णा, सालीतून पानातली साखर खाली मुळाकडे जाते, ती वाट तोडली म्हणून साखर घडात राहिली आणि मणी फुगला, पाणी चढतं ते आतल्या लाकडातून, त्याला तुम्ही धक्काच लावला नव्हता, आणि तीन-चार आठवड्यांत जखम भरली नसती तर मुळ्या उपाशी मेल्या असत्या. तर म्हणे, "मला शिकवतोस?" बरोबरच आहे रे. नववीत तेरड्याचा देठ कापून आतले लाल ठिपके आपल्याला त्यांनीच दाखवले होते. (तू देठाला बाहेरून ब्रशने लाल शाई फासून पाचपैकी पाच घेतलेस आणि माझ्या खऱ्या प्रयोगाला तीन, हे मी मरेपर्यंत काढणार.)

मग मला वाटलं सापडली चावी. म्हटलं, पायातली शीर काढून हृदयावर जोडतात, म्हणजे कलमच की, आपली सगळी बाग डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेलीच आहे ना? म्हातारा हसला. "कलमं दहातली दोन जातातच." वर मी गाढवासारखं सांगून बसलो की शिरेत झडपा असतात, रक्त एकाच दिशेने जातं, म्हणून ती उलटी करून बसवतात. झालं! "उलटी लावलेली काडी कधी फुटलेली बघितलीस का?"

आता याला काय उत्तर देऊ? शिरेला फुटायचं नसतं, नुसतं वाहू द्यायचं असतं, हे मला रात्री दोन वाजता सुचलं. तोवर ते घोरत होते, मी मात्र प्रत्येक घोरणं मोजत बसलेलो.

तुझा फ्लॅट झाला ना? अभिनंदन. वहिनींची बदली कॅन्सल झाली का? पिल्लू शाळेत जायला लागलं असेल.

शनिवारी ये. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, ट्रॅक्टर नाल्यात घातलास तेव्हाही तुला चहा आणि मला फटके. बाग बघायला आलो म्हण, मी लिहिलंय ते सांगू नकोस. आणि त्यांच्याबरोबर चालताना हळू चाल. विहिरीपासून बांधापर्यंत हल्ली दोनदा थांबतात, आणि थांबले की पान उलटं करून डावणी रोग आलाय का बघितल्यासारखं करतात.

तुझाच,
पक्या