मलिदा करा, पण नवस बदलून

प्रिय आई-बाबा,

शालोम. मला गर्भ राहावा म्हणून आत्याने एलियाहू हन्नाबीचा, आपल्या एलियाहू प्रेषिताचा, मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य बोललाय, हे कळलं. आई, तू फोनवर म्हणालीस, "फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा ही देवाची पहिली आज्ञा, बाईने ती मोडू नये." पहिली आहे खरी, पण ती बाईवर नाहीच, पुरुषावर आहे! मिश्नात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, यवामोथ या भागाच्या सहाव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. रब्बी योहानान बेन बरोका म्हणाले की दोघांवर. पण त्यांचं मत टिकलं नाही. तेव्हा जाब विचारायचाच तर जावयाला विचारा.

त्यावरच्या तालमूदच्या चर्चेतली यहुदीथ मला फार आवडते. रब्बी हिय्यांची बायको. जुळ्यांच्या बाळंतपणात तिचे अतोनात हाल झाले. मग ती वेष बदलून नवऱ्यापुढेच गेली नि विचारलं, ही आज्ञा बाईला लागू आहे का? ते 'नाही' म्हणाले. बाई गेली आणि मूल न होण्याचं औषध प्यायली. बिचाऱ्या हिय्यांना नंतर कळलं.

आता मुद्द्याचं. आम्ही आयव्हीएफ थांबवलं. इथे इस्रायलमध्ये दोन मुलं होईपर्यंत, बाई 45 वर्षांची होईस्तोवर सरकारच खर्च उचलतं. ठाण्यात पैसे संपले की माणसं थांबतात, कुणी नावं ठेवत नाही. इथे तेवढंही निमित्त मिळत नाही. 'पुरे' हे आपल्याच तोंडाने म्हणावं लागतं. ते मी म्हटलं. डॉक्टरांना सांगणं सोपं गेलं, तुम्हाला लिहायला वेळ लागला.

बाबा, हिल्लेल या जुन्या धर्मपंडिताच्या परंपरेच्या मताने एक मुलगा, एक मुलगी झाल्याशिवाय आज्ञा पुरी होत नाही, हे तुम्ही म्हणणारच. पण तालमूदच्या सान्हेद्रीन या भागात शौल राजाची मुलगी मीखलही आहे. पाच मुलं जन्मली तिच्या बहिणीला, मेरबला. वाढवली मीखलने, म्हणून शास्त्राने ती तिच्या नावावर लावली. अनाथाला घरात वाढवलं तर जणू जन्मच दिला, असं रब्बी म्हणतात. एवढ्याने नवऱ्यावरची आज्ञा फिटते का, यावर पंडितांनी खुशाल भांडावं.

आम्ही दत्तकासाठी अर्ज केलाय. मूल ज्यू आईचं नसेल तर बेथ दीनपुढे, म्हणजे धर्मन्यायालयापुढे नेऊन, मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात बुडवून रीतसर आपल्यात घ्यावं लागेल. ते आम्ही करू.

आत्याला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही. मलिदा जरूर करा, पण गर्भ राहावा म्हणून नको, अर्ज मंजूर व्हावा म्हणून करा. बोललेला नवस असा बदलता येतो का, तेवढं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानना विचारून कळवा.

तुमची लेक
(अश्दोद, इस्रायल)