साधने हाती आली, पडताळणी कोण शिकवणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिक्षणातील डिजिटल साधनांविषयीच्या चर्चेत दोन गृहीतके वारंवार डोकावतात. पहिले असे, की आजची मुले लहानपणापासून पडद्यांच्या सहवासात वाढत असल्यामुळे या बाबतीत त्यांना शिकवण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. दुसरे असे, की जिथे उणीव आहे तिथे संगणक, टॅब्लेट आणि इंटरनेटची जोडणी पुरवली की ती आपोआप भरून निघेल. बराच काळ ग्रंथपाल म्हणून विद्यार्थ्यांमध्ये वावरल्यामुळे मला ही दोन्ही गृहीतके पटत नाहीत, आणि उपलब्ध अभ्यासही त्यांना दुजोरा देत नाहीत.

आठवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासणारा 'आयसीआयएलएस' हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये झाला, तेव्हा सहभागी देशांतील अवघे सुमारे २ टक्के विद्यार्थी सर्वोच्च पातळीवर पोहोचले होते. ऑनलाइन मिळालेल्या माहितीचे चिकित्सकपणे मूल्यमापन करता येणे ही त्या पातळीची ओळख होती. केवळ उपकरणे पुरवल्याने ही कौशल्ये विकसित होत नाहीत, ती शिकवावी लागतात, हा त्या अभ्यासाचा एक ठळक निष्कर्ष होता. २०१८ च्याच 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, वाचनाच्या प्रश्नांतून वस्तुस्थिती आणि मत यांतील फरक ओळखण्याची क्षमता पाहिली गेली, तेव्हा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतील देशांमधल्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनाही तो सरासरीने ओळखता आला नाही. ही मुले उपकरणे हाताळण्यात कच्ची होती असे कोणी म्हणणार नाही. बोटांना जे जमते ते विचारालाही जमत असणार, हे आपण विनाकारण धरून चाललो आहोत.

माहिती साक्षरता ही संकल्पना काही इंटरनेटसोबत आलेली नाही. आपल्याला माहितीची गरज केव्हा आहे हे ओळखता येणे, ती शोधता येणे, तिची पारख करता येणे आणि तिचा परिणामकारक वापर करता येणे, अशी तिची व्याख्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ मध्येच केली होती, म्हणजे वर्ल्ड वाइड वेब सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वी. या चार गोष्टींपैकी 'शोधणे' आता इतके सोपे झाले आहे, की उरलेल्या तीन गोष्टींचा आपल्याला विसर पडला. शाळांमधील संगणकाच्या तासाला दस्तऐवज तयार करणे, सादरीकरण करणे, पासवर्ड सुरक्षित ठेवणे हे शिकवले जाते आणि ते आवश्यकही आहे. पण समोर आलेला मजकूर कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला आणि तो आपल्यापर्यंत का पोहोचला, हे प्रश्न त्या तासाला क्वचितच विचारले जातात.

जिथे ते विचारले जातात, तिथेही बहुधा एक ठराविक यादी हातात दिली जाते: संकेतस्थळावर लेखकाचे नाव आहे का, तारीख ताजी आहे का, भाषा शुद्ध आहे का, पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी' आहे का. ही यादी सदिच्छेने तयार झाली असली तरी आज ती दिशाभूल करते. 'डॉट ओआरजी' हा पत्ता कोणालाही नोंदवता येतो. देखणे संकेतस्थळ उभारायला आता फारसा खर्च येत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे निर्दोष भाषा तर कोणाच्याही मजकुराला लाभू शकते. या यादीचा मूळ दोष मात्र आणखी खोल आहे: ती विद्यार्थ्याला त्याच पानावर खिळवून ठेवते आणि त्या पानाने स्वतःविषयी जे सांगितले आहे त्यावरूनच त्याचा निवाडा करायला लावते.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले संशोधन या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितली. त्यांतील एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे होती: एक मोठी, जुनी व्यावसायिक संस्था आणि दुसरी तिच्यातून मतभेदामुळे फुटून निघालेला छोटा गट. नावे सारखी, मांडणी तितकीच गंभीर, तळटीपाही व्यवस्थित. विद्यार्थी तर गोंधळलेच, पण आयुष्यभर जुन्या कागदपत्रांची चिकित्सा केलेल्या इतिहासकारांपैकीही अनेकांचा अंदाज चुकला, कारण ते समोरचेच पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले. तथ्य-तपासनिसांनी मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडले, नवे टॅब उघडले आणि या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते हे पाहिले. याला आता 'लॅटरल रीडिंग' म्हटले जाते. मराठीत आपण आडवे वाचन म्हणू. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची चौकशी आपण उमेदवाराकडेच करत नाही, तो पूर्वी जिथे काम करत होता तिथे करतो. त्यातलाच हा प्रकार आहे. बाब साधी आहे, पण शाळेने मुलांना नेमके उलटे वळण लावलेले असते. समोरचा मजकूर सोडू नका, शेवटपर्यंत लक्ष देऊन वाचा, ही शिकवण पाठ्यपुस्तकासाठी योग्यच आहे, कारण त्याची निवड आधीच कोणीतरी जबाबदारीने केलेली असते. इंटरनेटवरचे पान मात्र वाचण्याच्या योग्यतेचे आहे की नाही, हे वाचण्यापूर्वीच ठरवावे लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर हा प्रश्न अधिक तातडीचा झाला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने काही वकिलांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला, कारण त्यांनी सादर केलेल्या लेखी निवेदनात अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले होते आणि ते या साधनाने रचून दिलेले होते. या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा, की संबंधित वकिलाने पडताळणी अजिबात केली नव्हती असे नाही. हे खटले खरे आहेत का, असे त्याने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि होकारार्थी उत्तर मिळाल्यावर तो निश्चिंत झाला होता. उच्चशिक्षित आणि दाखले तपासणे हाच ज्याचा व्यवसाय, त्या माणसाची ही गत असेल, तर अशा साधनावर शाळांनी घातलेल्या नुसत्या बंदीने विद्यार्थ्यांना काय शिकायला मिळणार आहे? ही साधने पुढचा संभाव्य शब्द कोणता असेल याच्या अंदाजावर वाक्ये रचतात, त्यामुळे उत्तराचा आत्मविश्वास आणि त्याचा खरेपणा यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला समजावून सांगितले गेले पाहिजे.

येथे एक सावधगिरीचा मुद्दा नोंदवणे मला गरजेचे वाटते, कारण उत्साही शिक्षकांकडूनही यात गफलत होते. 'इंटरनेटवरचे काहीच खरे मानू नका' हे सांगणे म्हणजे माहिती साक्षरता नाही. सगळ्यांवर सारखाच अविश्वास दाखवणारा विद्यार्थी आणि सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवणारा विद्यार्थी हे दोघेही पारख करण्याचे कष्ट टाळत असतात, आणि पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला लस, हवामान किंवा इतिहास यांविषयीचे प्रस्थापित ज्ञान झिडकारायला फारसे प्रयत्न पडत नाहीत. कोणाचा शब्द कोणत्या विषयात आणि का ग्राह्य धरावा, हे सकारण ठरवता येणे हे खरे कौशल्य आहे.

हे कौशल्य स्वतंत्र विषयाचा आणखी एक तास वाढवून साधेल असे मला वाटत नाही. ते प्रत्येक विषयाच्या पोटात शिकवावे लागेल, कारण पारख करण्यासाठी विषयाची थोडी तरी जाण लागते. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू केल्यावर किरकोळ फरक कसा प्रचंड भासतो, हे गणिताच्या तासाला दाखवता येते. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विज्ञानाच्या तासाचे काम आहे. मथळ्यात केलेला दावा खालच्या बातमीत खरोखर आहे का, हे भाषेच्या तासाला तपासून घ्यावे. जुने छायाचित्र नव्या घटनेच्या नावाने फिरत असल्यास प्रतिमेवरून उलटा शोध घेऊन ते पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते हे कसे पाहायचे, याचा सराव भूगोलाच्या शिक्षकालाही घेता येईल. ज्या भाषांतील मजकूर जाळ्यावर तुलनेने कमी आहे, त्या भाषांतून शिकणाऱ्या मुलांना आडव्या वाचनासाठी पुरेशी पाने स्वभाषेत सापडत नाहीत, ही अडचण मात्र कोणत्याही एका शिक्षकाला सोडवता येणारी नाही. तिथे विश्वकोश, ग्रंथालये आणि विद्यापीठे यांनी आपला मजकूर खुला करणे हाच उपाय आहे.

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात शिकवले जात नाही, आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. 'अमुक विषयावर माहिती गोळा करा' असा प्रकल्प दिला की विद्यार्थी नक्कल करून चिकटवणार हे उघड आहे, कारण प्रश्नानेच तेवढे मागितलेले असते. त्याऐवजी एकाच विषयावरचे परस्परविरोधी दोन स्रोत देऊन 'यांपैकी कोणावर आणि का विश्वास ठेवाल, आणि ते ठरवण्यासाठी काय काय पाहिले' असे विचारले, तर नक्कल करण्यासारखे फारसे हाती लागत नाही. लेखी परीक्षेत इंटरनेट नसते ही सबबही टिकणारी नाही. शोधाच्या निकालांचे पहिले पान प्रश्नपत्रिकेतच छापून, त्यांतील जाहिरात कोणती, आधी कोणता दुवा उघडाल आणि कोणता टाळाल, हे सकारण लिहायला सांगता येते. अशा एका प्रश्नाला नियमितपणे गुण मिळू लागले, की प्रशिक्षणवर्गांची मागणी शिक्षकांकडूनच येईल.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. बातमीची खातरजमा कशी केली जाते, हे वृत्तपत्राच्या कार्यालयाबाहेर कोणालाच दिसत नाही. आठवड्यातून एकदा, प्रसिद्ध केलेल्या किंवा जाणीवपूर्वक न छापलेल्या एखाद्या बातमीची पडताळणी टप्प्याटप्प्याने कशी झाली, कोणाला विचारले, कोणती कागदपत्रे पाहिली, कुठे शंका आली, हे सांगणारा छोटा मजकूर आपण द्यावा आणि आपल्या चुकांच्या दुरुस्त्याही त्यालाच जोडून ठळकपणे छापाव्यात. शिक्षकांना वर्गात वापरण्यासाठी तयार साहित्य मिळेल, आणि शाळांच्या ग्रंथालयांत त्याची कात्रणे विषयवार लावून ठेवण्याचे काम ग्रंथपाल आनंदाने करतील.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल