रविवारची स्केचिंग बैठक : मनातले चेहरे

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसातला पुण्यातल्या संभाजी बागेत, जंगली महाराज रोडच्या गेटपाशी जमायचंय. यावेळी समोर बघून काढायचं नाही, चेहरा पूर्ण मनातला हवा, म्हणजे कोण आहे, वय काय, काय काम करतो हे आधी ठरवा आणि मगच पेन्सिल टेकवा, नाहीतर सगळ्यांचे चेहरे एकसारखेच येतात, मागच्या वेळी तेच झालं.

- एकाने कमीत कमी ३ चेहरे, प्रत्येकी २० मिनिटं
- ए४ स्केचबुक, एचबी, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर शक्यतो नकोच
- मोबाईलवरचा फोटो बघून काढायचं नाही, हे सगळ्यांनी पाळा प्लीज

नवीन लोकांसाठी: डोळे कपाळाजवळ नसतात हो, डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, आणि दोन डोळ्यांत अजून एक डोळा मावेल इतकी जागा ठेवा. म्हातारा माणूस काढताना नुसत्या सुरकुत्या भरू नका, पापण्या आणि गाल खाली उतरलेले दाखवा, लगेच फरक दिसतो.

रोजचा एक चेहरा चालूच ठेवा, ५ मिनिटांचा असला तरी चालेल. आठवड्याची पानं सोबत आणा, फसलेली सुद्धा, मला ती खरंच बघायचीत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.