‘आधी गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सा. न.

आईच्या गुडघ्यात नवा सांधा बसला आणि आता ती घरात वॉकरशिवाय वावरते. ओपीडीत बाहेर रांग ताटकळत असते, तिथे मनासारखं बोलता येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आम्ही तुमच्याकडे आलो ते जाडजूड फाइल घेऊन. आधी बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा गुडघा कायम सुजलेला, हाताला गरम लागायचा. जुन्या टाक्यांच्या व्रणाशेजारी टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र पडलं होतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ते सुकायचं, पुन्हा वाहायचं. तुम्ही फाइल बाजूला ठेवून आधी ते छिद्र बघितलंत. “ही वाट थेट सांध्यापर्यंत जाते. इन्फेक्शन वरवरचं नाही,” असं स्पष्ट सांगितलंत. आणि गोळ्या बंद केल्यात!

आम्ही हादरलोच. तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि समजावलंत: गोळ्या चालू असताना सांध्यातलं पाणी काढलं तर जंतू असूनही कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं येऊ शकतं, म्हणून निदान दोन आठवडे थांबायचं. ताप नाही, तब्येत स्थिर आहे म्हणूनच थांबता येतंय, हेही बजावलंत. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून लॅबला नमुने १४ दिवस ठेवायला सांगितलंत. त्या प्लेट्स रोज बघणाऱ्या, आम्हाला कधीच न दिसलेल्या माणसांचेही आभार.

धातूवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, शेवाळासारखा, आणि त्याच्या आत औषध पुरेसं पोचत नाही, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलंत. इन्फेक्शन ताजं असतं तर धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून भागलं असतं. इतक्या जुन्या दुखण्याला ते पुरणार नव्हतं. काही रुग्णांमध्ये एकाच ऑपरेशनमध्ये सगळं बदलता येतं, पण आईच्या गुडघ्याची कातडी आणि तो जंतू पाहता तुम्ही दोन टप्पेच निवडलेत. पहिल्यात धातू, प्लास्टिक, जुनं सिमेंट सगळं काढलंत, आतले बरेच नमुने घेतलेत आणि सांध्याच्या जागी तात्पुरता अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवलात. मग सहा आठवडे शिरेतून औषध.

तो काळ आईला फार जड गेला. पायावर पूर्ण भार टाकायचा नाही, गुडघा जेमतेम वाकायचा. त्यात सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारा आकडा, मनासारखा उतरेना, म्हणून तुम्ही दुसरं ऑपरेशन पुढे ढकललंत. आई रडली. तुम्ही तिच्या पलंगापाशी येऊन म्हणालात, “आजी, घाईनं बसवलेला सांधा पुन्हा काढायची वेळ तुमच्यावर आणायची नाहीये मला.”

मला सर्वांत मोठं वाटतं ते तुमचं खरं बोलणं. इन्फेक्शन परत येऊ शकतं, गुडघा आधीइतका वाकेलच असं नाही, हे तुम्ही सही घेण्याआधी सांगितलंत. त्यामुळेच आमचा तुमच्यावर विश्वास बसला. रक्ताच्या तपासण्या अजून चालू आहेत आणि आई एकही चुकवत नाही.

मनापासून आभार, डॉक्टर.

आपली,
एका रुग्णाची मुलगी